फक्त एक्सई उरली आहे? डिकंपायलर हाती घेण्यापूर्वी हे वाचा

वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातले गाळेधारक आणि वसई-विरारमधले अभियांत्रिकीचे विद्यार्थी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात: "आमच्याकडे प्रोग्रामची फक्त एक्सई आहे, सोर्स कोड नाही. डिकंपायलरने तो परत मिळेल का? आणि असे करणे बेकायदा तर नाही?"

गाळेधारकांकडून हा प्रश्न वाढण्याचे कारण उघड आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले आणि बहुतेक माल ५ किंवा १८ टक्क्यांत आला. ज्यांचा बिलिंग प्रोग्राम कुणा ओळखीच्या सॉफ्टवेअरवाल्याने वीस वर्षांपूर्वी लिहून दिला होता आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर कसाबसा दुरुस्त करून दिला होता, त्यांच्यातल्या काहींना कळले, की दर प्रोग्रामच्या आतच लिहिलेले आहेत. बदलायला स्क्रीन नाही, आणि लिहिणारा माणूस आता फोन उचलत नाही.

डिकंपायलर म्हणजे तयार एक्सईवरून वाचता येईल असा कोड उभा करणारे साधन. दोन्ही प्रश्नांची उत्तरे तुमच्याकडे कोणती फाइल आहे आणि ती उघडून तुम्हाला काय करायचे आहे यावर ठरतात. म्हणून क्रमाने जाऊ.

आधी ठरवा: कोड हवा आहे की डेटा?

गाळेधारकांनी हा विभाग सोडू नये. बहुतेकांना खरे तर कोड नको असतो. त्यांना ग्राहकांची खाती, जुनी बिले आणि मालाचा साठा नव्या प्रोग्राममध्ये न्यायचा असतो. त्यासाठी डिकंपायलरची गरजच नाही. डेटा एक्सईच्या आत नसतो. तो शेजारच्या फोल्डरमध्ये किंवा त्याच संगणकावरच्या डेटाबेसमध्ये असतो.

- फाइलच्या नावाच्या शेवटी डीबीएफ असेल तर प्रोग्राम बहुधा फॉक्सप्रोमधला आहे. ही फाइल लिब्रे ऑफिसमध्ये सरळ उघडते. मूळ फाइल कधीच उघडू नका, तिची प्रत उघडा.
- शेवटी एमडीबी असेल तर तो मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसचा डेटाबेस आहे. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेल्या प्रोग्रामांसोबत हाच जास्त दिसतो.
- एमडीएफ असेल तर एसक्यूएल सर्व्हर. इथे जाणकाराची मदत घ्या, कारण चालू असलेली फाइल नुसती कॉपी करून चालत नाही.

डेटा बाहेर काढून झाला तरी जुना संगणक लगेच भंगारात देऊ नका. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. जुनी बिले जशीच्या तशी दाखवता येतील अशी सोय तोवर हाताशी असावी.

मग डिकंपायलर लागतो कधी? प्रोग्राम *कसा* हिशेब करतो हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही तेव्हा. कामगारांचा जादा तास कुठल्या मिनिटाला सुरू होतो, सवलत करापूर्वी धरली आहे की नंतर, पैसे कुठे पूर्णांकित होतात, अशा प्रश्नांची उत्तरे डेटात सापडत नाहीत.

एक उदाहरण देतो, कारण या मुद्द्यावर अनेक जण चकतात. नव्या एक्सेल शीटमधली बेरीज जुन्या प्रोग्रामशी एका पैशाने जुळत नाही, अशी तक्रार असते. समजा, अडीच रुपयांच्या नगावर ५ टक्के आयजीएसटी लावायचा आहे. कर होतो साडेबारा पैसे. व्हिज्युअल बेसिक ६ चे पूर्णांकनाचे फंक्शन बरोबर मध्यावर आलेला आकडा जवळच्या सम अंकाकडे नेते, म्हणजे १२ पैसे देते. एक्सेलचे फंक्शन तोच आकडा वर नेते, म्हणजे १३ पैसे. दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. हजार ओळींच्या हिशेबात मात्र फरक साचत जातो, आणि तो कुठून आला हे कोड वाचल्यावरच समजते. डिकंपायलरकडे असा नेमका प्रश्न घेऊन जा. "सगळा कोड काढून द्या" असे सांगून काम दिलेत तर पैसेही जातील आणि हाती कागदांचा ढीग येईल.

कोणत्या फाइलमधून किती मिळते

कंपाइल करताना प्रोग्रामरने लिहिलेल्या टिपा सगळ्याच भाषांत गळून पडतात. त्या परत मिळवून देतो असे कुणी म्हणाले, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बाकी काय उरते ते भाषेवर अवलंबून आहे.

- फॉक्सप्रो: सगळ्यात जास्त मिळते. हा कोड मधल्या स्वरूपात साठवला जातो, त्यामुळे रीफॉक्ससारखे साधन मूळच्या अगदी जवळ जाणाऱ्या आज्ञा परत देते. बनवणाऱ्याने मुद्दाम संरक्षण घातले असेल तर गोष्ट वेगळी.
- डॉट नेट: क्लास आणि फंक्शनांची नावे फाइलमध्येच राहतात. आयएलस्पाय हे मोफत, मुक्त-स्रोत साधन वाचता येईल असा सी-शार्प कोड देते. नावे मुद्दाम बिघडवलेली असतील तर वाचन अवघड होते.
- जावा आणि अँड्रॉइड: हेही चांगले वाचता येते. अँड्रॉइडसाठी जॅडेक्स वापरा. बाजारातल्या बहुतेक अ‍ॅपमध्ये नावे आखडून ए, बी, सी अशी केलेली असतात. तर्क तसाच राहतो, पण अर्थ तुम्हाला लावावा लागतो.
- व्हिज्युअल बेसिक ६: मधली अवस्था. फॉर्म, बटणांची नावे आणि कोणत्या बटणावर काय घडते याची यादी मिळते. प्रोग्राम पी-कोडमध्ये, म्हणजे मधल्या स्वरूपात, बनवला असेल तर तर्कही बराच मिळतो. नेटिव्ह कोडमध्ये, म्हणजे थेट यंत्राच्या आज्ञांत, बनवला असेल तर पुष्कळसा भाग असेंब्लीतच वाचावा लागतो.
- सी आणि सी++: सगळ्यात अवघड. चलांची नावे गेलेली, रचना अंदाजाने उभी केलेली. इथे गिड्रा उपयोगी पडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, ते मार्च २०१९ मध्ये सर्वांसाठी मोफत खुले केले. त्याआधी या कामासाठी महागडे आयडीए हेच मुख्य साधन होते.

कुठल्याही साधनाने दिलेला कोड मूळ सोर्स नसतो. यंत्राच्या आज्ञांवरून साधनाने केलेला तो अंदाज असतो. तो पुन्हा कंपाइल होईलच असे नाही, आणि झाला तरी तसाच चालेल याची खात्री नसते. त्यामुळे डिकंपाइल केलेल्या कोडमध्ये दर बदलून तोच प्रोग्राम पुढे दहा वर्षे चालवण्याचा बेत सोडून द्या. तो वाचा, नियम वहीत उतरवा आणि नवा प्रोग्राम त्या नियमांवर उभा करा.

काम कसे करावे

१. एक्सईची प्रत करा आणि मूळ फाइल पेनड्राइव्हवर बाजूला ठेवा. विंडोजमधल्या सर्टयुटिल आज्ञेने फाइलचा शा-२५६ हॅश, म्हणजे तिच्या आशयावरून निघणारा ठसा, काढून तारखेसह लिहून ठेवा. उद्या वाद झाला तर आपण नेमकी कोणती फाइल पाहिली हे त्यावरून दाखवता येते.

२. इंटरनेटला न जोडलेला संगणक घ्या, किंवा व्हर्च्युअल मशीन वापरून तिचे नेटवर्क बंद ठेवा.

३. भाषा ओळखा. डिटेक्ट इट ईझी हे छोटे मोफत साधन हे काम करते. सोबतच्या फाइलींवरूनही अंदाज येतो: एमएसव्हीबीव्हीएम६०.डीएलएल असेल तर व्हिज्युअल बेसिक ६, व्हीएफपी९आर.डीएलएल असेल तर फॉक्सप्रो ९.

४. पहिल्या ओळीपासून वाचत बसू नका. स्क्रीनवर दिसणारा एखादा संदेश किंवा शीर्षक घ्या, ते फाइलमध्ये शोधा आणि ते कोड कुठे वापरतो तिथे जा. व्हिज्युअल बेसिक आणि डॉट नेट अक्षरे दोन-दोन बाइटमध्ये ठेवतात, म्हणून शोधताना युनिकोडचा पर्याय चालू करा.

५. एखाद्या फंक्शनचा अर्थ लागला की त्याला लगेच मराठी वा इंग्रजी, तुम्हाला कळेल असे नाव द्या. गिड्रात हे करता येते. नावे देत गेल्याशिवाय पुढचा कोड उलगडत नाही.

६. निष्कर्ष तपासा. कोडवरून तुम्हाला जो नियम वाटला त्यात पाच-सहा वेगवेगळे आकडे घाला आणि तेच आकडे मूळ प्रोग्रामच्या प्रतीत घालून उत्तरे जुळवा. शून्य, उणे रक्कम, महिन्याचा शेवटचा दिवस आणि ३१ मार्च हे मुद्दाम तपासा.

मराठी प्रोग्रामांची एक खास अडचण आहे आणि ती परदेशी मार्गदर्शनात कुठेच सापडणार नाही. युनिकोड सरसकट वापरात येण्यापूर्वी आपल्याकडचे प्रोग्राम श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींच्या फाँटवर चालत. अशा एक्सईत 'एकूण रक्कम' हे शब्द देवनागरी म्हणून नसतातच. तिथे रोमन अक्षरे आणि चिन्हांची निरर्थक वाटणारी माळ असते आणि फाँट लावल्यावर ती मराठी दिसते. म्हणून युनिकोड मराठीत शोधलेत तर काहीच सापडणार नाही. त्याच फाँटमध्ये शब्द टंकित करा, नोटपॅडमध्ये साधा मजकूर म्हणून चिकटवा आणि जी माळ दिसेल ती शोधा. डेटाबेसमधली ग्राहकांची नावेही अशीच साठवलेली असतात. ती हलवताना फाँट-परिवर्तकातून काढावी लागतील, आणि जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावे लागतील.

कायदा काय म्हणतो

'रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणजे गुन्हा' हा समज चुकीचा आहे. 'फाइल माझ्याकडे आहे, म्हणजे काहीही करीन' हा समजही तितकाच चुकीचा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१) मध्ये प्रोग्रामच्या कायदेशीर प्रतधारकाला काही मुभा दिल्या आहेत. त्यांपैकी शेवटच्या तीन १९९९ च्या दुरुस्तीने आल्या.

- खंड (एए): प्रोग्राम ज्या कामासाठी घेतला त्या कामासाठी वापरताना प्रत किंवा रूपांतर करणे, तसेच बॅकअप प्रत ठेवणे.
- खंड (एबी): स्वतंत्रपणे बनवलेला दुसरा प्रोग्राम याच्याशी जोडून चालवण्यासाठी आवश्यक माहिती मिळवणे. अट अशी, की ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी.
- खंड (एसी): प्रोग्राम त्याच्या नेहमीच्या कामासाठी वापरत असताना त्यामागच्या कल्पना आणि तत्त्वे कळावीत म्हणून त्याचे निरीक्षण, अभ्यास वा चाचणी करणे.
- खंड (एडी): स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून बिगर-व्यावसायिक, वैयक्तिक वापरासाठी प्रती वा रूपांतर करणे.

गाळेधारकांच्या सर्वाधिक कामाचा खंड (एबी) आहे. हजेरीचे यंत्र आपल्या बंदिस्त सॉफ्टवेअरमधून एक विचित्र फाइल बाहेर टाकते आणि तुमच्या पगाराच्या प्रोग्रामला ती वाचायची आहे, अशी परिस्थिती समजा. आधी विक्रेत्याला ईमेल करून फाइलचे स्वरूप मागा. उत्तर आले तर काम झाले. नकार आला किंवा उत्तरच आले नाही तर तो ईमेल जपून ठेवा. माहिती सहज उपलब्ध नव्हती, हे दाखवायला तो कामी येईल. खंड (एडी) मधला 'वैयक्तिक' हा शब्द मात्र धंद्यासाठी ताणू नका.

आता सीमा.

प्रोग्राम तुमचा आहे का? पैसे दिले म्हणजे कॉपीराइट मिळाला, असे होत नाही. तुमच्या पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिला असेल, तर उलट करार नसल्यास मालकी कलम १७ नुसार तुमची. बाहेरच्या सॉफ्टवेअरवाल्याने लिहून दिला असेल, तर सही केलेल्या लेखी हस्तांतरणाशिवाय मालकी त्याचीच. आणि त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कलम १९ नुसार ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जुने कागद काढून हे शब्द पाहा.

कुलूप तोडू नका. अनेक जुने प्रोग्राम डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायची किल्ली, लावल्याशिवाय चालत नाहीत. हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण मोडणे हा २०१२ साली आलेल्या कलम ६५ए खाली गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याच कलमात काही अपवादही आहेत, उदाहरणार्थ मालकाच्या परवानगीने केलेली सुरक्षा-चाचणी. डोंगल जळाला आणि कंपनी बंद पडली, अशा वेळी कुणाला 'क्रॅक' करायला सांगण्याआधी वकिलाला विचारा. क्रॅक केलेली प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा कलम ६३बी खाली वेगळा गुन्हा आहे.

करारातली मनाई. अनेक परवान्यांत डिकंपाइल करण्यास मनाई असते. युरोपीय संघाच्या १९९१ च्या निर्देशाने परस्पर-जोडणीसाठीच्या डिकंपायलेशनला मनाई करणारी कलमे निष्प्रभ ठरवली. आपल्या कायद्यात असे स्पष्ट वाक्य नाही. त्यामुळे कॉपीराइटचा भंग झाला नाही तरी करारभंगाचा दावा होऊ शकतो, हे धरून चला.

सापडलेला पासवर्ड वापरू नका. एक्सईच्या आत डेटाबेसचा किंवा विक्रेत्याच्या सर्व्हरचा पासवर्ड उघडा पडलेला आढळणे नवलाचे नाही. तुमच्याच डेटाबेसचा असेल तर बदलून घ्या. दुसऱ्याच्या सर्व्हरचा असेल तर 'चालतो का' हे पाहण्यासाठीसुद्धा तो टाकू नका. परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये येते, आणि तिथे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशी त्रुटी बनवणाऱ्याला कळवा. दाद मिळाली नाही तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेकडे कळवता येते.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली एपीके

वाहन चलान, लग्नपत्रिका, वीजबिल अशा नावांच्या एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप बसवणाऱ्या, फाइली फिरतात. त्या उघडून पाहण्याची उत्सुकता तरुणांना असते. पाहायला हरकत नाही, पण फोनवर अजिबात नको. नेट बंद असलेल्या संगणकावर जॅडेक्समध्ये उघडा आणि सर्वप्रथम मॅनिफेस्ट, म्हणजे अ‍ॅप मागत असलेल्या परवानग्या जिथे लिहिलेल्या असतात ती फाइल, वाचा. चलान दाखवणारे अ‍ॅप एसएमएस वाचण्याची, अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवेची किंवा आणखी अ‍ॅप बसवण्याची परवानगी मागत असेल तर पुढे वाचण्याआधीच उत्तर मिळाले. नंतर मजकुरात टेलिग्राम बॉटचा वा फायरबेसचा पत्ता शोधा. चोरलेले ओटीपी बहुधा तिथे जातात. तो पत्ता टिपून घ्या, पण उघडू नका.

घरात कुणी अशी फाइल आधीच बसवली असेल तर डिकंपायलर बाजूला ठेवा. या क्रमाने करा:

- फोन फ्लाइट मोडवर टाका. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते व कार्ड थांबवा आणि तक्रार क्रमांक घ्या.
- १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा.
- फोन फॅक्टरी रीसेट करू नका. एपीके, तो संदेश आणि पाठवणाऱ्याचा नंबर हा पुरावा आहे.
- वसई-विरारकरांसाठी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे सायबर पोलीस आहेत. जवळच्या ठाण्यात "आमच्या हद्दीत येत नाही" असे ऐकावे लागले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करा. गुन्हा कुठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती त्या ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते.

एपीकेचा हॅश इथेही काढून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात हॅश लिहायचा असतो.

विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात

दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरवर सुरुवात करू नका, आणि महाविद्यालयाच्या पोर्टलच्या अ‍ॅपवर तर नकोच. सी मध्ये वीस ओळींचा स्वतःचा प्रोग्राम लिहा. तो एकदा ऑप्टिमायझेशनशिवाय आणि एकदा ओ-२ पातळीवर कंपाइल करा, आणि दोन्ही गिड्रात उघडून मूळ कोडशी ताडून पाहा. लूप कुठे नाहीसा झाला, भागाकाराचा गुणाकार कसा झाला, हे स्वतःच्या कोडमध्ये पाहिल्यावर जे कळते ते व्हिडिओ पाहून कळत नाही. पुढे सरावासाठीच बनवलेल्या 'क्रॅकमी' फायली आहेत. त्यांच्या लेखकांनी त्या फोडण्यासाठीच दिलेल्या असतात.

नेहमीचे धोके

- साधने त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा गिटहब पानावरूनच घ्या. जानेवारी २०२२ मध्ये डीएनस्पाय या डॉट नेट साधनाच्या नावाने खोटी साइट उभारून हानिकारक प्रत वाटली गेली होती.
- कंपनीची एक्सई ऑनलाइन डिकंपायलरवर किंवा व्हायरस-तपासणी साइटवर चढवू नका. ती इतरांना पाहता येऊ शकते. व्हायरसचा संशय असेल तर आधी फक्त हॅश टाकून पाहा.
- डिकंपाइल केलेला कोड एआयला समजावून सांगायला लावताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्यातले पासवर्ड आणि ग्राहकांची माहिती आधी काढून टाका. आणि एआयने सांगितलेला अर्थ वरच्या सहाव्या पायरीने तपासल्याशिवाय धरू नका. फंक्शनला ते छान नाव देते, पण आतला हिशेब वेगळाच असू शकतो.
- काम बाहेरच्या माणसाला देत असाल तर कोणती फाइल, कोणत्या प्रश्नासाठी आणि काम झाल्यावर प्रती नष्ट करण्याची जबाबदारी कुणाची, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

नवा प्रोग्राम लिहून घेताना

पुढचे बिलिंग किंवा हजेरी सॉफ्टवेअर बनवून घेताना पुढील गोष्टी करारात घाला. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी घाला, कारण नंतर कुणी ऐकत नाही.

- कॉपीराइट तुमच्या नावे हस्तांतरित. मुदत कायमची आणि प्रदेश संपूर्ण जग, हे शब्द स्पष्ट लिहिलेले.
- हस्तांतरण शक्य नसेल तर सोर्स कोड तिसऱ्या व्यक्तीकडे सीलबंद. प्रोग्रामरने धंदा बंद केला किंवा ठरावीक दिवसांत प्रतिसाद दिला नाही तर तो तुम्हाला मिळेल ही अट.
- कराचे दर, पूर्णांकनाचा नियम आणि जादा तासांचे नियम सेटिंगमध्ये. कोडच्या आत कोरलेले चालणार नाहीत.
- डेटा कधीही सीएसव्हीमध्ये, युनिकोड मराठीसह, बाहेर काढता येईल असे बटण.
- शेवटचा हप्ता देण्यापूर्वी मिळालेल्या सोर्स कोडवरून तुमच्याच संगणकावर, तुमच्यासमोर एक्सई बनवून दाखवणे.